गळ्याशी जाणारा हात

नाही हो दादा, बोटांनी नाही. असं दोन बोटांत धरून चोळलं की कापड कळतं असं सगळ्यांनाच वाटतं — कळत काही नाही. बोटांची कातडी निबर, दिवसभर किल्ल्या धरायच्या, गाडी धरायची, पिशव्या उचलायच्या, तिला काय कळणार कपाळ! कापड बघायचं असलं तर इथं — कोपराच्या आतल्या बाजूला, नाहीतर मानेमागं. लावा. लाजताय काय, या वेळेला दुकानात काळं कुत्रं फिरकत नाही, मालक जेवून मागं घोरत पडलेत, तुम्ही नि मी नि हा पंखा — आणि पंखा असून नसून सारखाच, गरम हवा इकडची तिकडं करतो नुसती. हं, टेकवा मानेला. काय वाटतं? काहीच नाही? मग झालं तर. उन्हाळ्याचं कापड असंच पाहिजे, अंगावर आहे हे विसरायला झालं पाहिजे.

आता हे तोंडाशी धरा आणि फुंका — अहो जोरात, दूध गार करताय का? पलीकडं हात धरा. लागली फुंकर? ही मलमल. आता हे फुंका, हे पॉपलीन, तेही सुतीच, शंभर टक्के, पण वीण दाट, फुंकर अडते. म्हणजे नुसतं सुती-सुती करून भागत नाही, वीणही बघायची. लिनन म्हणाल तर लाखात एक, पण चुरगळतं असं की माणूस आत्ताच झोपून उठल्यासारखा दिसतो. रेयॉन पहिल्यांदा गारेगार लागतं, बायका भुलतात त्याला, आणि घाम प्यायलं की असं जड होतं की ओल्या गोधडीसारखं अंगाला लोंबतं. आणि एक लक्षात ठेवा — कोरडा उन्हाळा वेगळा, हा आपला दमट वेगळा. कोरड्यात घाम आपला आपण उडून जातो, काहीही घाला. इथं हवाच आधी भिजलेली, ती तुमचा घाम घेणार कुठं? मग कापडानंच तो प्यायचा, आणि पिऊन अंगापासून चार बोटं लांब राहायचं. म्हणून मी ढगळ शिवा म्हणते. शर्टाला घेताय ना? तुमचा बांधा बघून मी अडीच मीटर — काय?

आईसाठी. बरं. मग आधी नाही का सांगायचं, मी मघापासून तुमच्या खांद्याची मापं काढत बसले! घरात घालायला? गाऊन. — हं. — झोपूनच असतात? अंथरुणातच? किती दिवस झाले? पाच महिने. बोलतात का? नाही बोलत. अच्छा.

ते खाली ठेवा, दादा. हो, तेच, निळ्या फुलांचं, हातात धरलंय ते. मी मघाशीच बघितलं तुमचा हात तिकडं जाताना. दिसायला झकास आहे, नाही कोण म्हणतं, आणि खपतं तर इतकं की मालक दर महिन्याला नवा ताका मागवतात, मी नको म्हटलं तरी मागवतात. पण ते पॉलिस्टर आहे. मऊ आहे, मान्य. मऊ असणं आणि हवा जाऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी. काय म्हणालात? — हो. लवकर वाळतं. धुतलं, पिळलं, तासाभरात कोरडं. आणि सुती या हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही, तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतं, आणि अंथरुणातल्या माणसाला दिवसाला तीन-चार कपडे लागतात, धुणारं माणूस एक, तेही नोकरीवर जाणारं. बघा, तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगितलं सगळं. मला पाठ आहे ते.

माझ्या ओळखीची एक बाई होती. अशीच, कापडाच्या दुकानात कामाला, माझ्यासारखीच काउंटरवर उभी राहणारी, तीस वर्षं. डोळे बांधून हातात चिंधी दिली तर धागा सांगेल, इतकी तयार. कोणाचं बाळंतपण असो, कोणाच्या बापाला उकाड्याचा त्रास असो, लोक तिलाच विचारायचे. आणि तिच्या सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. घरात तिघंच — ही, हिचा नवरा, आणि त्या. नवरा फिरतीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आठवडाभर हिनं सुती गाऊनच घातले, चांगले, जुने, मऊ झालेले. पण सांगितलं ना, वाळेनात. दोऱ्या बांधल्या स्वयंपाकघरात, खिडकीत, पंख्याखाली खुर्च्या मांडून त्यांवर पसरले, इस्त्री फिरवली, तरी शिवण ओलीच. मग हिनं दुकानातून हेच आणलं. हेच म्हणजे असलंच. सहा गाऊन शिवून घेतले, एका दिवसात. आणि सुटल्यासारखं वाटलं हो तिला! रात्री धुवावं, सकाळी घडी घालावी. शहाणी माणसंही अशीच सुटका शोधतात. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसलं काहीतरी.

तुम्ही बसा की, स्टूल आहे तिथं. उभं का राहता.

चार दिवसांनी त्या गळ्याशी हात न्यायला लागल्या. असं — तुम्ही मघाशी कापड धरलंत ना, अंगठा आणि दोन बोटं, अगदी तस्सं. गळपट्टी धरायची, चोळायची, आणि बाजूला ढकलायची. पुन्हा धरायची, चोळायची, ढकलायची. दिवसभर. तुम्ही म्हणाल, मग कळलं कसं नाही? तिच्यासमोर तीस वर्षं गिऱ्हाइकं हेच करत आली होती, नापसंत कापड माणूस असंच सारतो. अहो, कळलं की! नापसंती आहे हे लगेच कळलं. पण कसली नापसंती हे ती आपल्या मनानं ठरवून मोकळी झाली. कारण त्या बाईंची ती जुनीच खोड होती, दादा. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सुनेनं दुकानातून जे-जे आणलं — पडदे म्हणा, चादरी म्हणा, वाढदिवसाला घेतलेलं पातळसं कापड म्हणा — त्यांनी असंच दोन बोटांत धरायचं, चोळायचं आणि बाजूला सारायचं. तोंडानं एक अक्षर नाही. "ठेव तिकडं" एवढंसुद्धा नाही. सगळं दुकान जिला विचारून कापड घेतं तिला घरात ही किंमत! पहिली काही वर्षं ती रडायची, पुढं रडणं गेलं, राग उरला, तो आत मुरत गेला. आणि आता त्या अंथरुणात पडून तेच करायला लागल्यावर मी म्हटलं, बघा, वाचा गेली पण नखरा गेला नाही. मी म्हटलं त्यांना —

हं. मी म्हटलं.

जाऊ द्या. कळलंच असेल तुम्हाला मघाशीच. ओळखीची बाई म्हणून किती वेळ ओढणार? माझ्याच सासूबाई. मी त्यांच्या गळ्याशी वाकले आणि म्हटलं, "आयुष्यभर माझं कापड नाकारलंत ना, आता मी घालीन ते घालायचं." मोठ्यानं म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे अगदी शाबूत होते हो त्यांचे. ते बघणं मी कोणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. तुम्हाला कशाला सांगतेय देव जाणे. उकाड्यानं माणूस बडबडतं.

नाही, संपलं नाही अजून. गळा ओरबाडून काढला त्यांनी. लाल, मग ओला, मग नखांत रक्त. दोन गाऊन टराटरा फाडले डाव्या हातानं — एवढी ताकद कुठून आली होती कोणास ठाऊक. ड्रेसिंगला नर्सबाई यायची, ती म्हणाली हात आवरा, जखम चिघळेल, घामोळ्या झाल्यात पाठभर, पावडर लावा. कपड्यांचं ती काही बोलली नाही, तिला वाटलं असेल हिला काय सांगायचं, ही तर कापडवाली! मग मी हात बांधला. पलंगाच्या कठड्याला, उशाशी. आणि बांधायला काय घेतलं असेल? मनगटाला काचू नये म्हणून इथली मलमल फाडून नेली, दुहेरी घडीची रुंद पट्टी केली, फुंकर मारून बघितली, माझ्या स्वतःच्या मनगटाला लावून बघितली. हसू नका. म्हणजे तुम्ही हसत नाही, मला माहितीये. हात बांधायला मलमल आणि अंगाला ते! माझ्या हातांना सगळं ठाऊक होतं, दादा. कुठल्या कातडीला काय लागतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, तेवढ्या पट्टीपुरतं ते त्यांनी वापरलं.

तर त्या काय करायच्या — मान वळवून-वळवून तो बांधलेला हात गाठायच्या आणि मनगटावर गाल टेकून पडायच्या. तासन्‌तास. मला वाटायचं, शांत झाल्या. फोनवर ह्यांना सांगितलं, "आई आता लहान मुलासारख्या हाताला गाल लावून झोपतात." ह्यांना बरं वाटलं. मलाही गोड वाटलं खरं सांगायचं तर. हाताला कुठला गाल! त्या पट्टीला लावत होत्या. सगळ्या अंगावर दोन बोटं रुंदीची जागा तेवढी गार होती त्यांना, तिथं तोंड नेऊन ठेवत होत्या.

हे मला त्या गेल्यावर कळलं असं मी स्वतःला सांगते. बरेच दिवस तसंच सांगत आले. पण ते खरं नाही. एकदा दुपारच्या सुट्टीत घरी गेले, वीज गेलेली, खोलीत वाफ कोंडलेली, पुसून घ्यावं म्हणून मी त्यांच्या गळ्यातून पाठीकडं हात घातला — हा, हा हात — आणि तिथंच थांबले. कापड असं चिकटलेलं, आणि त्याच्याखाली जी ऊब होती ना… कळलं. तेव्हाच, सरळ कळलं, शंकाबिंका नाही. तीस वर्षांचा हात तो, त्याला कळल्याशिवाय राहतंय होय? म्हटलं आज संध्याकाळी बदलू. संध्याकाळी आले तर दुपारी धुवून दोरीवर टाकलेले जुने सुती तसेच ओले होते. म्हटलं उद्या. उद्या दुकानात माल आला. परवा माझंच अंग कणकणलं. आणि खोटं कशाला बोलू, थोडं असंही वाटलं — राहू दे की एखादा दिवस, मी नाही सोसलं तीस वर्षं? असं वाटलं मला. एखादा दिवस, एखादा दिवस करत अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी ताप चढला, दोन दिवसांत आटोपलं. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं, छातीत कफ भरला, कोणाच्या हातात काही नव्हतं. ते खरंच असेल. मी त्या कपड्यानं मेल्या म्हणत नाही. पण ते अकरा दिवस तर माझ्या हातात होते ना?

आणि लोक काय म्हणाले माहितीये? लेकीसारखं केलंस म्हणाले. अजून म्हणतात. आमचे हे चारचौघांत सांगतात, हिनं माझ्या आईचं जे केलं ते पोटची मुलगी करणार नाही. मी मान खाली घालते, त्यांना वाटतं बाई किती नम्र आहे! काय सांगू त्यांना? आणि इथं काउंटरवर दिवसभर काय बघायचं — येणारं प्रत्येक गिऱ्हाईक अंगठा आणि दोन बोटं कापडावर ठेवतं, चोळतं, सारतं. दिवसाला पन्नास माणसं, पन्नास वेळा तेच. दुपारी अशी सामसूम असली ना, तर गिऱ्हाईक नसतानाही तो आवाज येतो. खस्स. थोडं थांबून पुन्हा खस्स. पहिल्यांदा मी मालकांना म्हटलं उंदीर असेल, त्यांनी सगळे ताके काढून बघितले. उंदीर नव्हता. आता मी कोणाला सांगत नाही. मला भीती वाटते असंही नाही, म्हणजे वाटते, पण जास्त काय वाटतं सांगू का, की जाऊन विचारावं, आई, कुठलं देऊ, कुठलं हवं, बोट दाखवा नुसतं, मी देते. मग आवाज थांबतो.

घ्या पाणी. मी पण घेते.

तर तुमच्या आईसाठी ही मलमल. आठ गाऊन लागतील, सहा नाही, आठ. वाळायचं म्हणाल तर ऐका — धुतल्यावर पिळून कोरड्या टॉवेलात गुंडाळायचे आणि त्यावर उभं राहायचं, अर्धं पाणी टॉवेल पितो. मग पंख्याखाली, दाटीवाटीनं नाही, दोन गाऊनांत वीतभर अंतर सोडून. गळपट्टी आणि शिवणी इस्त्रीनं वाळवायच्या, बाकी अंग आपसूक वाळतं. मला हे सगळं तेव्हाही येत होतं. पाठीला शिवण नको, पाठ उघडी, बाजूला नाड्या, म्हणजे कूस न बदलता काढता-घालता येतं. आणि त्या जर गळ्याशी हात न्यायला लागल्या — न्यायला लागल्या तर चिडू नका, आणि हात —

असे का बघताय?

दादा? — मी काही विचारलं का तुम्हाला? मी माझंच सांगत होते. मान कशाला खाली घातलीत? इकडं बघा. आत्ता त्यांच्या अंगात काय आहे? — हं. हेच. फुलं निराळी, एवढंच ना. आणि हात? … बोला की. मी कोणाला सांगायला जाणार आहे? — कशानं बांधता? टॉवेलनं. दोन्ही? — आणि आत्ता? आत्ता, तुम्ही इथं बसलाय तेव्हा? — घरात कोणी आहे का? शेजारची बाई दुपारी एकदा डोकावते. डोकावते म्हणजे सोडत नाही. किती वाजता निघालात घरून? — साडेआठला. दादा, सव्वातीन होतायत.

नाही, नाही, रडू नका, मी बोल लावत नाही तुम्हाला, मी कोण लावणार! नोकरी आहे, एकटे आहात, नर्सनं सांगितलं असेल, सगळं खरं. उठा फक्त. आठ गाऊनांचं मागाहून बघू, शिंप्याकडं नंतर जाल — हा तुकडा घ्या, अडीच मीटर असेल, मधे डोक्यापुरती चीर देते… ही दिली. बाजू उघड्या राहू देत. नुसता अंगावर टाका, पुरेसं आहे. धुतलेलीच आहे ही, आम्ही नमुन्याला ठेवतो, खळ नाही हिला. पिशवी राहू द्या, अशीच काखेत मारा. पैसे उद्या, परवा, कधीही. आधी हात सोडा, कापड नंतर. सोडल्यावर तो हात जिकडं जाईल तिकडं जाऊ द्या, गळा ओरबाडला तर ओरबाडू दे, तुम्ही तो फुलांचा गाऊन काढा आणि बघा काय करतात त्या. मी? मी बरी आहे हो. माझं काय विचारता, माझ्याकडं सोडायला कोणी उरलं नाही. तुमच्याकडं आहे. जा! अजून उभे काय राहिलात — जा म्हणते ना!